राजीनामा दोन प्रतींत

महाराष्ट्रातल्या खासगी शाळांमधील कर्मचाऱ्यांसाठी १९७७ सालचा एक कायदा आहे. त्याचे सरकारी नाव एका दमात उच्चारता येत नाही, म्हणून शिक्षक मंडळी त्याला नुसते 'एमईपीएस' म्हणतात. या कायद्याच्या सातव्या कलमात शिक्षकाने राजीनामा कसा द्यावा हे सांगितले आहे. पत्र दोन प्रतींत तयार करावे, दोन्हींवर सही करावी, तारीख घालावी, एक प्रत रजिस्टर पोस्टाने संस्थेकडे पाठवावी आणि दुसरी आपल्यापाशी ठेवावी.

बँकेतल्या नोकरीत मी राजीनामे पुष्कळ पाहिले. कोणी चार पाने भरून लिहिले, कोणी चिठोऱ्यावर दोन ओळी खरडल्या. राजीनामा पोस्टानेच पाठवा, असे कोणत्याही कायद्याने आम्हाला सांगितले नव्हते. मग शिक्षकाच्या राजीनाम्याची विधिमंडळाने एवढी काळजी का वाहावी?

याचे उत्तर मला परळच्या आमच्या गणिताच्या सरांकडून मिळाले. मी शाळेत असताना, म्हणजे १९७४च्या सुमारास, हे सर दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळेत आलेच नाहीत. "त्यांनी राजीनामा दिला," एवढेच आम्हाला सांगण्यात आले. दोन वर्षांनी ते लालबागला एका खोलीत शिकवणी घेताना भेटले. शाळा का सोडलीत, असे विचारल्यावर म्हणाले, "राजीनामा माझाच होता रे. अक्षर माझे, सही माझी. फक्त दिवस त्यांनी निवडला." नोकरीवर रुजू होतानाच त्यांच्याकडून राजीनामा लिहून घेतला होता आणि तारखेची जागा कोरी ठेवली होती. पगारपत्रकावर एका आकड्यापुढे सही करायची आणि हातात दुसराच आकडा घ्यायचा, हे त्यांनी एका महिन्यात नाकारले, आणि संस्थेच्या कपाटातला कागद बाहेर आला.

हा प्रकार एकाच शाळेत घडला असता तर त्यासाठी कायद्यात कलम घालायची वेळ आली नसती.

हे सगळे आज आठवायचे कारण असे की, शिक्षकांच्या कायम नोकरीचा वाद पुन्हा पेटला आहे. सोसायटीची सभा असो की लग्नाची पंगत, शाळेचा विषय निघाला की कोणीतरी म्हणतेच, "मास्तरांना काय हो, नोकरी पर्मनंट! शिकवले काय, न शिकवले काय." त्यात १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या, आधीपासून नोकरीत असलेल्या शिक्षकांनाही शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे 'टीईटी', उत्तीर्ण व्हावी लागेल. निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा अधिक अवधी असलेल्यांना त्यासाठी दोन वर्षांची मुदत दिली. ज्यांची पाच वर्षांहून कमी नोकरी उरली आहे त्यांना परीक्षेशिवाय नोकरी पुरी करता येईल, पण बढती मिळणार नाही. वीस-पंचवीस वर्षे खडू झिजवलेल्या माणसाला आता पुन्हा परीक्षेला बसायचे आहे, आणि पालकांपैकी बऱ्याच जणांना त्यात काही वावगे वाटत नाही.

पालकांचा राग खोटा आहे असे मी म्हणणार नाही. गणिताचे सर गेले त्याच शाळेत आम्हाला इतिहासाचे एक मास्तर होते. ते वर्गातल्या एका मुलाला उभे करून मार्गदर्शकातला धडा वाचायला लावत आणि स्वतः खुर्चीत डोळे मिटून बसत. हे मास्तर सन्मानाने निवृत्त झाले. त्यांना घरी पाठवावे असे संस्थेला कधी वाटले नाही, कारण संस्थेला त्यांचा काही त्रासच नव्हता. कायम नोकरीवर बोलताना ही दोन माणसे मला एकत्रच आठवतात.

गिरणगावात वाढलेल्या माणसाला 'कायम' या शब्दाचे वजन वेगळे सांगावे लागत नाही. गिरणीत 'बदली' कामगार असे. तो पाळीच्या वेळी दरवाज्याशी जाऊन उभा राही. कोणी कायम कामगार गैरहजर असेल तर त्या दिवसापुरते काम मिळे, नाहीतर डबा तसाच परत. आमच्या चाळीत कोणाला किती वर्षे बदलीत काढावी लागली यावरून त्याच्या लग्नाचे वय ठरे. मुलीचे वडील पगाराच्या आधी विचारत, "पर्मनंट आहे ना?" या चाळींतल्या मुलांना शिकवणारा मास्तर स्वतः मात्र बऱ्याच वेळा बदली कामगारापेक्षा बऱ्या अवस्थेत नसे. त्याचे धोतर वा पँट स्वच्छ असे, इतकेच.

आपल्याकडे शिक्षकाच्या नोकरीच्या शाश्वतीचा पहिला मोठा प्रयोग पुण्यात झाला. १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी निघाली तेव्हा टिळक-आगरकरांच्या पिढीने तोडगा काढला तो असा : शिक्षकच संस्थेचे मालक. आजीव सदस्याने अल्प वेतनावर वीस वर्षे सेवा करायची, आणि त्याला काढणारा त्याच्या डोक्यावर दुसरा कोणी नसायचा. त्यांच्यातही भांडणे झाली. वेतन आणि बाहेरची मिळकत हे त्यातले एक मोठे कारण होते, आणि १८९० साली टिळक बाहेर पडले. पण ते भांडण बरोबरीच्या माणसांचे होते. पुढे शाळा वाढल्या, गावोगावचे वकील, व्यापारी, पुढारी संस्थाचालक झाले आणि शिक्षक झाला नोकर. माध्यमिक शाळा संहिता होती. पण ती सरकारी सूचनांची वही होती. तिला कायद्याचे बळ नव्हते, त्यामुळे काढून टाकलेल्या शिक्षकाला ती कोर्टात फारशी उपयोगी पडत नसे.

एमईपीएस कायदा जुलै १९८१ मध्ये अंमलात आला आणि हे चित्र बदलले. मी तो आणि त्याखालचे नियम वाचले आहेत. बँकेतल्या माणसाला बारीक अक्षर वाचायची खोड असते. कायम जागेवर नेमलेल्या शिक्षकाला दोन वर्षे परिवीक्षा. या काळात काम समाधानकारक नसेल तर संस्था एक महिन्याची नोटीस वा पगार देऊन त्याला थांबवू शकते. दोन वर्षे पार पडली की तो कायम. त्यानंतर काढायचे तर तीन माणसांची चौकशी समिती : एक संस्थेचा, एक शिक्षकाने सुचवलेला, आणि तिसरा राज्य वा राष्ट्रीय पुरस्कार मिळवलेल्या शिक्षकांच्या यादीतून. निकाल मान्य नसेल तर तीस दिवसांत शाळा न्यायाधिकरणाकडे अपील. न्यायाधिकरणाने ते शक्यतो तीन महिन्यांत निकालात काढावे, असेही कायदा म्हणतो. या 'शक्यतो'त किती वर्षे मावतात ते ज्यांनी खेटे घातले त्यांना विचारा.

आता गंमत अशी की, कायम शिक्षकाला काढण्याची जी कारणे नियमांत दिली आहेत त्यांत गैरवर्तन, नैतिक अधःपतन आणि कर्तव्यात जाणूनबुजून केलेली सततची हयगय यांच्या जोडीला 'अक्षमता' हा शब्द स्वच्छ लिहिलेला आहे. म्हणजे शिकवता न येणाऱ्याला घरी पाठवायला कायद्याने कधीच मनाई केली नव्हती. दर वर्षी प्रत्येकाचा गोपनीय अहवाल लिहायचा, हेही नियमांत आहे. मग आमचे इतिहासाचे मास्तर आणि त्यांचे आजचे वारस टिकतात कसे?

माझ्या मते याचे उत्तर संघटनेच्या कचेरीत शोधण्याआधी हिशेबाच्या वहीत शोधावे. अनुदानित शाळेत नेमणूक करते संस्था आणि पगार देते सरकार. बँकेत एखाद्या शाखाधिकाऱ्याने वाईट कर्ज दिले तर ते बँकेच्या अंगाशी येते, म्हणून वरचा साहेब त्याला जाब विचारतो. वाईट शिक्षकाचा तोटा संस्थेच्या खात्यात कुठेच दिसत नाही. त्याचा पगार सरकार भरते, त्याचे नुकसान मुलगा भरतो. उलट त्याला काढायचे तर तीन माणसांची समिती, वकील, तारखा, आणि निकाल विरुद्ध गेला तर मागचा पगार संस्थेच्या डोक्यावर. एवढी यातायात इतिहास नीट शिकवला जावा म्हणून कोण करणार? ती केली जाते ती बहुधा डोईजड झालेल्या शिक्षकासाठी. त्यामुळे कायद्याची ढाल चांगल्या शिक्षकाला उपयोगी पडली, आणि वाईटाला तिची गरजच पडली नाही.

संघटनांनाही मी मोकळे सोडणार नाही. शिक्षकांना आपल्या राज्यघटनेने एक मान दिला आहे : विधान परिषद असलेल्या राज्यांत तिच्या एक-द्वादशांश जागा शिक्षकांच्या मतांनी भरायच्या. महाराष्ट्रात अशा सात जागा आहेत. या सात जागांसाठी होणारी भाषणे मी दादरच्या सभागृहांत ऐकली आहेत. पगाराची तारीख, जुनी पेन्शन, वैद्यकीय बिले, सगळे रास्त. पण 'आमच्यातल्या न शिकवणाऱ्याचे आम्ही काय करतो' यावर एक वाक्य ऐकल्याचे आठवत नाही. मतदारच शिक्षक असल्यावर कोण बोलणार? बँकेच्या युनियनमध्ये आम्हीही असेच होतो, तेव्हा याबद्दल फार सोवळे व्हायचा मला अधिकार नाही. मात्र आमच्या काऊंटरवर ताटकळलेला ग्राहक शेजारच्या बँकेत जाऊ शके. पाचवीतल्या पोराला ती सोय नसते.

हा वाद आपल्याच इथे आहे असेही नाही. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात नऊ विद्यार्थ्यांच्या नावे २०१२ साली 'व्हेर्गारा' म्हणून गाजलेला दावा दाखल झाला. शिक्षक फार लवकर कायम होतो, त्याला काढणे फार अवघड आहे, आणि कपात करायची वेळ आली की शेवटी आलेला आधी जातो, मग तो कितीही चांगला असो. यामुळे गरीब वस्तीतल्या मुलांच्या वाट्याला वाईट शिक्षक येतात, असे त्यांचे म्हणणे. तिथली परिवीक्षाही आपल्यासारखीच दोन वर्षांची, आणि निर्णय त्याच्याही आधी करावा लागतो. जून २०१४ मध्ये न्यायाधीशांनी ते कायदे रद्द ठरवले. एप्रिल २०१६ मध्ये वरच्या कोर्टाने तो निकाल फिरवला. वरच्या कोर्टाचे म्हणणे, वाईट शिक्षक गरीब शाळांत जातात ते कायद्यामुळे जातात हे सिद्ध झाले नाही, त्यांना तिथे पाठवतात ती व्यवस्था चालवणारी माणसे. मला ते पटले. आपल्याकडे कायद्याला दोष देणाऱ्यांनी ते वाचावे.

कारण आपल्याकडे कायदा तसाच ठेवून त्याच्या शेजारून दुसरी वाट काढण्यात आली, आणि त्याबद्दल लग्नाच्या पंगतीत कोणी बोलत नाही. २००० साली 'शिक्षणसेवक' योजना आली. नव्या शिक्षकाने पहिली तीन वर्षे पगारावर नव्हे, मानधनावर काम करायचे. २०२२ संपेपर्यंत हे मानधन प्राथमिकला महिना ६,००० रुपये, माध्यमिकला ८,००० आणि उच्च माध्यमिकला ९,००० होते. १ जानेवारी २०२३ पासून ते अनुक्रमे १६,०००, १८,००० आणि २०,००० झाले. 'सेवक' हा शब्द ज्याने शोधला त्याला मराठी चांगले येत असले पाहिजे. सेवा म्हटली की पगार मागायला संकोच वाटतो. त्याच्या पुढच्याच वर्षी नव्या शाळा 'कायम विनाअनुदान' तत्त्वावर देण्याचे धोरण आले. शिक्षकाच्या बाबतीत जो 'कायम' मिळवायला पिढी गेली, तोच शब्द आता अनुदान न मिळण्याला लागला. बऱ्याच आंदोलनांनंतर २००९ साली तो वगळण्यात आला. प्रत्यक्ष अनुदान मात्र पुढे वीस-वीस टक्क्यांच्या हप्त्यांनी यायचे होते.

या शाळांतल्या शिक्षकांची मला ओळख झाली ती कर्जाच्या टेबलावर. अर्जात रकाना असतो : नोकरी कायम की तात्पुरती. पूर्वी अनुदानित शाळेतला कायम शिक्षक समोर आला की आम्ही निर्धास्त असू. जामीनदार म्हणूनही त्याला मागणी असे. दोन हजारच्या दशकात माझी बदली मुंबईबाहेर झाली होती तेव्हा एक तरुण जोडपे घरकर्जासाठी आले. दोघेही पदवीधर, दोघेही बीएड, दोघेही विनाअनुदानित शाळेत. कागदावर त्यांचा पगार ठीक होता. पण त्याच शाळेचा शिपाई दर महिन्याला सात-आठ पासबुके आणि सह्या केलेल्या पैसे काढायच्या स्लिपा घेऊन आमच्या शाखेत येई, हे मी पाहिले होते. पगार खात्यात जमा होई आणि त्यातला मोठा भाग त्याच दिवशी शिपायाच्या पिशवीतून परत जाई. मी नवऱ्याला बाजूला घेऊन विचारले, "हातात किती येतात?" तो म्हणाला, "साहेब, तुम्ही कागदावरचे धरा ना." कर्ज मंजूर झाले नाही. गणिताच्या सरांनी ज्या पगारपत्रकावर सही नाकारली होती, त्याचीच ही नवी आवृत्ती, फक्त बँकेतून जाणारी.

म्हणून 'कायमपणा काढून टाका, म्हणजे शिक्षक वठणीवर येतील' असे कोणी म्हटले की मी विचारतो, जिथे तो आधीच नाही त्या शाळांत काय झाले ते पाहा. तिथे शिक्षक वठणीवर आला आहे खरा, पण संस्थाचालकाच्या.

गिरगाव, दादर, परळच्या जुन्या अनुदानित मराठी शाळांची कथा आणखी वेगळी आहे. तिथे शिक्षक कायम आहे, मुलेच कायम राहिली नाहीत. १८ जानेवारी १९८२ला गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यांतले कितीतरी परत आतच गेले नाहीत. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत गिरण्यांच्या जागी टॉवर आले, चाळीतली घरे विकून माणसे डोंबिवली, बदलापूर, विरारला गेली, आणि जी राहिली त्यांनी पोरांना इंग्रजी शाळेत घातले. (यात माझ्या ओळखीतले मराठीचे दोन कवीही आले.) २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने प्राथमिकला तीस मुलांमागे एक शिक्षक आणि उच्च प्राथमिकला पस्तीस मुलांमागे एक, असे प्रमाण घातले. ते झाले मुलांच्या भल्यासाठी, पण दर वर्षी संचमान्यतेत पट मोजला जातो तेव्हा तेच प्रमाण उलटे लागते. पट घटला की शिक्षक 'अतिरिक्त'. त्याचा पगार चालू राहतो, पण त्याला दुसऱ्या शाळेत पाठवतात, आणि तिथेही तो पाहुणाच असतो. पट टिकवण्यासाठी काय काय चालते ते ऑक्टोबर २०११च्या राज्यभरच्या पटपडताळणीत दिसले. तीन दिवस मुले मोजली आणि कागदावर असलेली लाखो मुले वर्गात नव्हती.

अतिरिक्त कोणाला ठरवायचे? नियम ज्येष्ठतेचा. शेवटी आलेला पहिल्यांदा जाणार. गिरगावातल्या एका शाळेत विज्ञानाचा तरुण शिक्षक असा गेला. मुलांना घेऊन चौपाटीवर भरती-ओहोटीची नोंद ठेवणारा. त्याच्या जागी राहिले ते निवृत्तीच्या दाराशी आलेले गृहस्थ. इथे मला संघटनांचे म्हणणे निम्मेच पटते. निवड संस्थेच्या हाती दिली तर तारीख नसलेले राजीनामे पुन्हा कपाटात जमतील, ही त्यांची भीती खरी आहे. पण ज्येष्ठतेखेरीज दुसरे काही मोजायचेच नाही, हे हट्टाचे झाले. चौकशी समितीसाठी पुरस्कारप्राप्त शिक्षकांची यादी कायद्याने केलीच आहे. त्याच यादीतल्या दोन बाहेरच्या शिक्षकांनी दर दोन-तीन वर्षांनी प्रत्येकाच्या वर्गात मागच्या बाकावर बसून तास ऐकावा, लेखी अहवाल द्यावा, त्याची प्रत त्या शिक्षकाला द्यावी आणि कपातीच्या वेळी तो धरावा, यात काय बिघडते? डॉक्टरचे काम डॉक्टर तपासतो, ऑडिटरचे ऑडिटर. शिक्षकाचे काम शिक्षकाने तपासावे.

त्याऐवजी आपण परीक्षा घेतो. टीईटीत दीडशे प्रश्न, दीडशे गुण, पर्यायांतून निवडायचे. नव्याने येणाऱ्याला चाळणी म्हणून ती ठीक आहे. पण वर्गात डोळे मिटून बसणारा मास्तर ती सहज पास होईल, आणि चौपाटीवर मुले नेणारा कदाचित दोन गुणांनी राहील. शिवाय ही परीक्षा घेणाऱ्या परिषदेचे आयुक्तच डिसेंबर २०२१ मध्ये गुणवाढीच्या घोटाळ्यात अटक झाले होते, आणि पैसे देऊन पास झालेल्यांची संख्या साडेसात हजारांवर गेली होती. ज्यांची पात्रता तपासायची ते रांगेत उभे, आणि तपासनीस पोलीस कोठडीत, हे दृश्य शिक्षक अजून विसरलेले नाहीत.

माझ्या एका जुन्या सहकाऱ्याच्या पत्नी दादरच्या शाळेत शिकवतात. वय एक्कावन्न, निवृत्तीला सात वर्षे, म्हणजे परीक्षा चुकत नाही. परवा स्टेशनजवळच्या पुस्तकांच्या दुकानात बालमानसशास्त्राचे गाईड चाळताना भेटल्या.

"काय वहिनी, अभ्यास सुरू?"

"करायलाच हवा भावजी. लेक प्रश्न विचारते रात्री, मी उत्तरे देते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिला मला ओरडायची संधी मिळाली आहे."

"जमेल की."

"परीक्षेचे नाही हो काही, होईन पास." त्यांनी गाईडची किंमत पाहिली आणि पर्समधून पैसे काढले. "यंदा माझ्या पाचवीत नऊ मुले आहेत. त्यातली दोन दिवाळीनंतर कल्याणला जायची आहेत. त्यांची बिल्डिंग पाडतात."

दुकानदाराने गाईड पिशवीत घातले आणि त्यांना घाईची लोकल होती, म्हणून त्या निघाल्या.